आंबा-काजूच्या बागेसाठी चेनसॉ: ४५ सीसी पुरेल की ५८ घ्यावा?

बागायत_दापोली

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात आमची वडिलोपार्जित बाग आहे. हापूसची जुनी कलमं, कडेने चार रायवळ, फणस, वरच्या अंगाला काजू आणि घरालगतच्या आगरात माड-पोफळी. गडग्याच्या कडेने आकेशिया माजलाय तो वेगळाच.

२०२० साली ३ जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धनकडून आत शिरलं तेव्हा दापोली-मंडणगडात बागाच्या बागा आडव्या झाल्या, हे इथल्या बऱ्याच जणांनी डोळ्यांनी पाहिलंय. त्या पावसात घराकडे येणारी वाट मोकळी करायलासुद्धा कटरवाला मिळत नव्हता. ज्याच्याकडे मशीन होतं तो सकाळपासून रात्रीपर्यंत दुसऱ्यांच्याच वाड्यांत अडकलेला, आणि त्यात त्याचाही दोष नव्हता. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. तेव्हापासून घरात स्वतःचं मशीन असावं असं वडील म्हणताहेत. आता बागेचं मीच बघतो, म्हणून घ्यायचं ठरवलंय.

कामं अशी आहेत: जुन्या कलमांच्या दाटलेल्या फांद्या काढायच्या, त्या साधारण मनगटापासून मांडीएवढ्या जाड. आकेशिया तोडून जळण करायचं. मेलेले माड पाडायचे. वाऱ्याने एखादं मोठं झाड पडलं तर त्याचे तुकडे करायचे. रायवळाचा बुंधा दोन फुटांच्या आसपास भरेल, पण असं काम वर्षा-दोन वर्षांतून एखादं.

दुकानदार ५८ सीसीचं २२ इंची मशीन दाखवतो, ऑनलाइन ते सात-आठ हजारांतही दिसतं. दुसरीकडे स्टिल, हस्कवर्ना यांचं ४५-५० सीसीचं मशीन चौपट किमतीला. जास्त सीसी कमी पैशांत मिळत असताना कमी सीसीला जास्त पैसे का मोजायचे, हे कळत नाही. बजेट ४० हजारांपर्यंत आहे. बॅटरीवरचं घ्यावं का, तेही सांगा.

घाटमाथा

भाऊ, माझ्याकडे ते ५८ सीसीवालं आहे. आजऱ्याच्या बाजूला शेत आहे, जळणापुरतं वापरतो. चालतंय. मोठी पट्टी (जिच्यावर चेन फिरते ती) असली की मोठं लाकूड एका दमात निघतं. एवढे पैसे घालवण्यापेक्षा हे घ्या, बिघडलं तर दुसरं घ्या.

गोलकानस_चिपळूण

दापोलीकर भाऊ, मी चिपळूणला फवारणी पंप, ग्रासकटर आणि चेनसॉ दुरुस्त करतो. माझं मत स्पष्ट आहे: तुमच्या कामाला ४५ ते ५० सीसीचं चांगल्या बनावटीचं मशीन, १६ इंची पट्टी. त्यापुढे जाऊ नका.

आधी सीसीचं बघू. सीसी म्हणजे सिलिंडरची जागा. त्या जागेतून ताकद किती निघते ते बनावटीवर ठरतं. स्टिलचं एमएस १८० हे ३१.८ सीसीचं लहान मशीन आहे, हस्कवर्नाचं १२० मार्क टू ३८.२ सीसीचं. दोन्हींची ताकद दीड किलोवॅटच्या आसपासच. एकाच दर्जाच्या दोन कंपन्यांत एवढा फरक पडतो, तर खोक्यावर छापलेल्या ५८ वर काय विसंबायचं? दुकानात गेलात की सीसी विचारू नका. किलोवॅट किती आणि पट्टी-चेन सोडून वजन किती, हे दोन आकडे विचारा. एमएस २५० घ्या: ४५.४ सीसी, २.३ किलोवॅट, वजन साडेचार किलोच्या थोडं वर. हस्कवर्ना ४५० घ्या: ५०.२ सीसी, २.४ किलोवॅट, पाच किलोच्या आसपास. मध्यम मशीन म्हणतात ते हे. दोन्हींत फार फरक नाही. ज्याचा मेकॅनिक आणि स्पेअर तुमच्या तालुक्यात मिळतात ते घ्या. रिकॉईलची, म्हणजे सुरू करायच्या दोरीची स्प्रिंग तुटली आणि ती मुंबईहून यायला तीन आठवडे लागले, तर ऐन पावसात महागडं मशीन पडवीत पडून राहणार.

आता पट्टी. २२ इंची पट्टी बघून गिऱ्हाईक खूश होतं, आणि फसगत तिथेच होते. पट्टी जेवढी लांब तेवढी चेन लांब, तिला ओढायला ताकद जास्त, तिला तेल जास्त. कमी ताकदीच्या इंजिनावर लांब पट्टी लावली की लाकडात मशीन दमतं. मग माणूस वरून दाबतो. दाबलं की चेन तापते, पट्टीची कड झिजते, क्लच जळतो. माझ्याकडे येणाऱ्या स्वस्त मशीनमधली बरीच याच वाटेने येतात. १६ इंची पट्टीने एका बाजूने १४-१५ इंचांचं खोड आरामात निघतं. दोन फुटांचा रायवळ दोन्ही बाजूंनी कापायचा, काही अडत नाही. शिवाय पट्टीचं टोक कुठे आहे ते नजरेत राहतं. कलमाच्या फांद्यांच्या गर्दीत ते फार महत्त्वाचं आहे, कारण मशीन उसळतं ते टोकाच्या वरच्या पाव भागाला लाकूड लागलं की. चेन सेकंदाला वीस मीटरच्या आसपास धावत असते. पट्टी उसळून तोंडाकडे येते तेव्हा हात मागे घ्यायला वेळच नसतो. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखालून वळवून घट्ट धरलेला असला आणि चेनब्रेक, म्हणजे उसळताच चेन थांबवणारा ब्रेक, नीट काम करत असला, तरच माणूस वाचतो.

घाटमाथा दादांचं मशीन त्यांच्या जळणाला चालत असेल, त्याबद्दल वाद नाही. पण जमिनीवर पडलेले ओंडके कापणं वेगळं आणि बागेत चार-चार तास फिरून कापणं वेगळं. स्वस्त मशीनमध्ये मुठी आणि इंजिन यांच्यामधली रबरं किंवा स्प्रिंगा नावालाच असतात. तासाभरात बोटं बधिर होतात. बधिर बोटांनी चेनसॉ धरणं मला तरी मान्य नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी, आणि दुकानात ती कुणीही सांगत नाही. तुमचं मशीन चांगलं की वाईट हे निम्मं ठरतं चेनच्या धारेवर. कापताना खाली पडणारा भुसा हातात घ्या. धार असली तर तो जाड पोह्यांसारखा पडतो. पिठासारखा बारीक पडायला लागला की थांबा, मशीन बंद करा, कानस काढा. सागवानात वाळूचा अंश असतो, तो धार लवकर खातो. माडाचं तर विचारूच नका: बाहेरचा थर दगडासारखा, आतला गाभा मऊ, आणि धागे निघून स्प्रॉकेटपाशी (चेन ओढणाऱ्या दातेरी चाकापाशी) गुंडाळतात. माड कापून झाला की कव्हर उघडून साफ करायचंच. आणि मातीत पट्टी एकदा घुसली की आत्ता लावलेली धार गेलीच समजा. म्हणून जमिनीवरचा ओंडका कधीही आरपार कापू नये. वरून पाऊण कापायचा, पलटी करायचा, मग उरलेला.

धार लावणं अवघड नाही. पिच म्हणजे चेनच्या दुव्यांचं माप. .३२५ इंच पिचच्या चेनला ४.८ मिलिमीटरची गोल कानस, लहान मशीनच्या ३/८ इंच लो प्रोफाइल (बुटक्या) चेनला ४ मिलिमीटरची. पिच पट्टीवर किंवा कव्हरवर छापलेला असतो, बघून घ्या. कानस दाताच्या आतून बाहेर, एकाच दिशेने, दाताच्या वरच्या पात्यावर जी ३० अंशांची खूण असते तिच्या ओळीत. प्रत्येक दाताला दोन-तीन हात, सगळ्यांना सारखेच. एका बाजूचे दात लहान झाले की मशीन लाकडात तिरकं जायला लागतं. मग लोक पट्टी बदलतात आणि दोष तसाच राहतो. चार-पाच वेळा धार लावली की दाताच्या पुढची ती लहान खुंटीही चपट्या कानशीने उतरवायची, दाताच्या टोकापेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली राहील एवढीच. ती जास्त उतरवली तर मशीन घास मोठा घेतं आणि हातातून ओढतं, म्हणून मापाची पट्टी लावूनच उतरवायची.

बॅटरीवरचं घराजवळ, पोफळीच्या आगरात फांद्या छाटायला उत्तम. आवाज कमी, दोरी ओढायची कटकट नाही. पण वादळ झालं की पहिली वीज जाते, आणि तुम्हाला मशीन लागणार ते नेमकं तेव्हाच. एकच घ्यायचं असेल तर पेट्रोलचं.

चाळीस हजारांतले तीस-बत्तीस मशीनवर घाला. उरलेल्या पैशांत जाळीचा चष्मा आणि कानाचे मफ असलेलं हेल्मेट, चेनसॉसाठीचे चॅप्स म्हणजे पायांवर बांधायचं खास जाड आवरण, एक जादा चेन आणि दोन कानशी. चॅप्सच्या आतले धागे चेनमध्ये ओढले जाऊन ती जागीच जाम होते. आवाज शंभर डेसिबलच्या घरात असतो, कापूस घालून भागत नाही.

बागायत_दापोली

दादा, एवढं सविस्तर कुणीच सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. दोन शंका. एक, आता पंपावर सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याचं काय करायचं? दोन, चेनला जळकं ऑइल घालतात तेच घालू का? आमच्याकडे सगळे तेच करतात. आणि पडलेलं झाड कापताना मशीन अडकतं ते का, हेही जमलं तर सांगा.

काजूबाग_लांजा

मी मध्येच बोलते. आमची बाग लांज्याला आहे, मशीन मी स्वतः चालवते. माझ्याकडे ४५ सीसीचंच आहे, १६ इंची.

घेण्याआधी दुकानात पट्टी-चेन लावून, टाक्या भरून मशीन हातात घ्या. कागदावरचं वजन कोरडं असतं. पेट्रोल, तेल आणि पट्टी धरून सहा किलोच्या पुढे जातं, आणि उतारावरच्या काजूत ते दिवसभर पेलायचं असतं. पुढच्या मुठीला धरून लटकवा. पट्टीचं टोक किंचित खाली झुकलं पाहिजे. फार झुकलं तर संध्याकाळी मनगट बोलतं.

दुसरं, झाडावर चढून हे मशीन चालवू नका. गडी सर्रास फांदीवर उभे राहून एका हाताने चालवतात, बघूनच पोटात गोळा येतो. उंचावरच्या फांद्यांना लांब दांड्याची करवत किंवा चांगली घडीची हातकरवत वापरा. खालून पोचेल तेवढंच मशीनने.

कलमांच्या छाटणीबद्दल: कृषी विद्यापीठ तुमच्या दापोलीतच आहे, जुन्या हापूसच्या पुनरुज्जीवनाबद्दल तिथे जाऊन विचारा. कुठली फांदी ठेवायची हे मशीन घेण्याआधी ठरलं पाहिजे, कारण चेनसॉ हातात आला की माणूस गरजेपेक्षा जास्त कापतो. जाड फांदी कापताना आधी खालून थोडा छेद, मग वरून थोडं पुढे काप, आणि शेवटी उरलेला खुंट बुंध्यालगत. नाहीतर फांदी साल सोलत खाली येते. कापलेल्या जागी लगेच बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचं, लोखंडाच्या भांड्यात नाही. उघड्या जखमेवर भिरूड किडा येतो आणि पुढे अख्खं झाड पोखरतो.

आणि परवानगी. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आंबा, फणस, जांभूळ, चिंच, साग, ऐन, किंजळ, खैर, हिरडा आहेत. ही झाडं स्वतःच्या मालकीची असली तरी तोडायला परवानगी लागते. वादळात पडलेल्या झाडाचा आधी फोटो काढा, तलाठ्यांकडून पंचनामा करून घ्या, मग कापा. वाट अडली असेल तर वाटेपुरतं कापून बाजूला करा, बाकीचं तसंच राहू द्या. भरपाईच्या वेळी याचा उपयोग होतो.

गोलकानस_चिपळूण

ताईंनी सांगितलेलं सगळं लाखमोलाचं. शंकांची उत्तरं देतो.

पेट्रोल: इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. डबा महिनाभर पडवीत राहिला की खाली पाणी धरतं, आणि कार्बोरेटरमधला पातळ रबरी पडदा कडक होतो. मशीन सुरू होतं, पण रेस दिली की बंद पडतं. पावसाळ्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या मशीनमध्ये ही तक्रार सगळ्यात जास्त. उपाय साधा आहे. पंधरा दिवसांत संपेल एवढंच पेट्रोल-ऑइलचं मिश्रण करा, चांगलं टू-स्ट्रोक ऑइल घेऊन लिटरला २० मिली. ५०:१ म्हणजे हेच. डोळ्यांच्या अंदाजाने ओतू नका, मापाची बाटली ठेवा. काम संपलं आणि महिनाभर मशीन लागणार नसेल तर टाकी रिकामी करा, आणि कार्बोरेटरमधलं संपून आपोआप बंद पडेपर्यंत मशीन चालू ठेवा. नुसतं पेट्रोल चुकून गेलं तर पिस्टन काही मिनिटांत चिरतो, म्हणून मिश्रणाचा डबा वेगळ्या रंगाचा ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना तो दाखवून ठेवा.

जळकं ऑइल घालू नका. त्यात इंजिनातले धातूचे बारीक कण असतात, ते तेलाचा पंप आणि पट्टीची खाच दोन्ही खातात. शिवाय चेनवर घातलेलं तेल सगळं उडून तुमच्याच बागेच्या मातीत आणि तुमच्या अंगावर पडतं. चेन ऑइल चिकट असतं, ते पट्टीला धरून राहतं. ते पोचतंय का हे बघायला पट्टीचं टोक एखाद्या कोरड्या, फिकट पुठ्ठ्यासमोर वीतभर अंतरावर धरा आणि रेस द्या. तेलाची रेघ उमटली पाहिजे. पेट्रोलची टाकी भराल तेव्हा तेलाचीही भरा, सवयच लावून घ्या.

आता पडलेलं झाड. याच्याबद्दल जरा थांबून वाचा, कारण निसर्गनंतर लोक जखमी झाले ते उभी झाडं पाडताना कमी, आडवी कापताना जास्त, निदान माझ्या बघण्यात तरी. आडव्या खोडाला एक बाजू दाबलेली असते आणि एक ताणलेली. खोड दोन्ही टोकांना टेकलंय आणि मध्ये अधांतरी आहे, तर वरची बाजू दाबलेली, खालची ताणलेली. तुम्ही वरूनच कापत गेलात की काप मिटतो आणि पट्टी चिमटते. तिथे वरून एक तृतीयांश कापायचं आणि मग खालून वर यायचं. उलट, खोडाचं एक टोक टेकलंय आणि दुसरं बाहेर लोंबतंय, तर खालची बाजू दाबलेली. तिथे आधी खालून थोडं, मग वरून. आधी ताणलेल्या बाजूने घातलं तर खोड उभं चिरत जातं आणि तुकडा अंगावर येतो. कापण्याआधी मिनिटभर खोडाभोवती फिरून ते कुठे टेकलंय ते बघा. प्लास्टिकची दोन पाचरी खिशात ठेवा, पट्टी चिमटायच्या आत कापात ठोकता येतात. अडकलीच तर मशीन बंद करा आणि खोड पहारीने उचला, मशीन हिसकू नका.

मुळासकट उलटलेलं झाड आणखी धोक्याचं. मुळांची भली मोठी थाळी मातीसकट उभी असते, आणि खोडाचं वजन तिला तशी उभी धरून असतं. खोड तोडलं की ती थाळी एकदम मागे खड्ड्यात पडते. त्या खड्ड्यात कुणीही उभं राहता कामा नये, मुलं आणि गुरं आधी बाजूला. मुळांच्या बाजूला चार-पाच फुटांचा बुंधा ठेवूनच कापा.

मशीन सुरू करताना ते जमिनीवर, चेनब्रेक लावलेला, उजव्या बुटाचं टोक मागच्या मुठीत, डावा हात पुढच्या मुठीवर, आणि मग दोरी. हातात लटकवून दोरी ओढणारे बघितलेत, त्यांची नक्कल करू नका.

घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला तिथेच मशीन सुरू करायला सांगा. थंड सुरू झालं पाहिजे, गरम झाल्यावर बंद करून पुन्हा सुरू झालं पाहिजे, आणि रेस सोडल्यावर चेन पूर्ण थांबली पाहिजे. इंजिन मंद चालू असताना चेन फिरत राहिली तर तसं घेऊ नका, आयडल जुळवून घ्या. चेनब्रेक लावून किंचित रेस द्या, चेन हलता कामा नये. बिलावर मशीनचा नंबर लिहून घ्या. पहिल्या दिवशी नवी चेन ताणते. अर्धा तास कापलं की बंद करून, थंड होऊ देऊन पुन्हा आवळा: पट्टीला खालून चिकटलेली, पण हातमोजा घालून बोटांनी ओढली तर सरकणारी, एवढी. गरम असताना आवळलीत तर काम झाल्यावर सैल करून ठेवा. थंड झाली की ती आखडते आणि क्रँकच्या बेअरिंगवर ताण येतो.

बागायत_दापोली

ठरलं. ४५ सीसी, १६ इंची. खेडला एक दुकान आहे, तिथे दुरुस्तीही होते आणि स्पेअरही ठेवतात असं कळलंय, शनिवारी जातो. चॅप्स तिथे नसतील तर कुठून मागवायचे?

गोलकानस_चिपळूण

दुकानदाराला ऑर्डर द्यायला सांगा, कंपनीकडून येतात. तुमच्या कमरेचं माप आणि पायाची लांबी लिहून द्या, आखूड आले तर घोटा उघडा राहतो. ते येईपर्यंत आकेशियाला हात लावू नका. घरी आल्यावर आधी आडव्या सुक्या ओंडक्यावर सराव करा, तो लाकडी घोडीवर (ओंडका ठेवायच्या तिकाटण्यावर) ठेवून. धार लावताना कुठे अडलात तर दाताचा जवळून फोटो इथे टाका, बघून सांगतो.